'ए' की 'ॲन'? दीड अक्षराचा निर्णय आणि संगणक

आजचा विषय दीड अक्षराचा आहे. इंग्रजीत नामाआधी 'ए' लावायचे की 'ॲन', हे संगणकाच्या प्रोग्रॅमने कसे ठरवावे, एवढाच. बोलताना या 'ए'चा उच्चार बहुतेक वेळा 'अ' असा होतो. पण शाळेपासून आपण 'ए, ॲन, द' असेच म्हणत आलो, म्हणून आजही तेच म्हणू.

आता कुणी म्हणेल, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? समजा, एका कार्यालयासाठी आपण नेमणूकपत्रे छापणारा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर ठरलेला आहे, नाव आणि पदनाम तेवढे यादीतून उचलायचे. 'यू आर अपॉइंटेड ॲज ए' आणि पुढे रिकामी जागा. यादीत क्लार्क आला, ठीक. टायपिस्ट आला, ठीक. मग अकाउंटंट आला आणि पत्रावर छापले गेले 'ए अकाउंटंट'. हे पत्र कुणीतरी जन्मभर फाइलमध्ये जपून ठेवणार, बँकेत दाखवणार, परदेशी जाताना जोडणार. चूक प्रोग्रॅमची असते, पण वाचणारा म्हणतो, 'यांचे इंग्रजी कच्चे आहे.' आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्यांचे इंग्रजी शिकणे अजून चालू आहे, ते पडद्यावर जे दिसते तेच बरोबर धरतात. रोज लॉगिन करताना 'ॲन युजर' वाचणारा मुलगा तेच लिहायला लागतो. म्हणून हा निर्णय नीट करायला हवा.

पहिला प्रयत्न सगळेच करतात. शब्दाचे पहिले अक्षर घ्या. ते ए, ई, आय, ओ, यू यांपैकी असेल तर 'ॲन', नाहीतर 'ए'. एका ओळीचा प्रोग्रॅम. ॲपल, एग, इंजिनिअर, ऑरेंज, अम्ब्रेला, सगळे बरोबर येतात. शाळेतल्या पाठ्यपुस्तकातली चित्रेही नेमकी हीच असतात, त्यामुळे आपला समज पक्का होतो.

मग 'अवर' हा शब्द येतो. तास. स्पेलिंगची सुरुवात एच या अक्षराने, म्हणून प्रोग्रॅम म्हणतो 'ए अवर'. म्हणून बघा, जीभ अडखळते. तसेच ऑनेस्ट, तसेच वारस या अर्थाचा 'एअर'. तिन्हीत एच लिहायचा असतो, बोलायचा नसतो. उलट बाजूने 'युजर', 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन' आणि 'वन-वे तिकीट'. या सगळ्यांच्या स्पेलिंगची सुरुवात स्वराच्या अक्षराने होते, पण तोंडातून पहिला येतो तो 'य' किंवा 'व'. इथे 'ए'च हवे.

म्हणजे खरा नियम असा की पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'. नियमात 'अक्षर' हा शब्दच नाही, 'ध्वनी' आहे. आणि नियम एवढाच आहे, त्याला अपवाद नाहीत. अडचण अशी की प्रोग्रॅमच्या हातात असते ते फक्त स्पेलिंग, आणि इंग्रजी स्पेलिंग ध्वनी सांगेलच याची खात्री नाही.

आता जे शब्द मी उच्चारले ते मराठीत लिहून बघा. अवर, ऑनेस्ट, एअर. युजर, युनिव्हर्सिटी, वन. पहिली तीन स्वराने सुरू होतात, पुढची तीन य आणि व यांनी. म्हणजे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की उत्तर समोरच दिसते. कारण देवनागरीत आपण ध्वनी लिहितो. यात आपली हुशारी काही नाही, लिपीचा तो गुण आहे. आणि अगदी असाच नियम आपल्या घरातही आहे. 'नाही' या अर्थाचा उपसर्ग आठवा. सत्यचे असत्य होते, शक्यचे अशक्य होते, न्यायचे अन्याय होते. पण आवश्यकचे 'अआवश्यक' होत नाही, अनावश्यक होते. उचितचे अनुचित, आदरचा अनादर. व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्'. इंग्रजीतल्या 'ॲन'शी त्याचा अर्थाने काही संबंध नाही, पण तोंडाची सोय तीच आहे. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये 'न' असतो. आपल्या उपसर्गासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर एक ओळ खरोखरच पुरते, कारण पहिले अक्षर म्हणजेच पहिला ध्वनी.

देवनागरीची ही युक्ती मात्र डोळे झाकून वापरू नका. आपण 'न्यू इयर' लिहितो, पण इंग्रजीत त्या शब्दाच्या सुरुवातीला 'य' असतो, म्हणून 'ए इयर' हेच बरोबर. कान हा 'इअर' वेगळा, त्याला 'ॲन'. मराठी कानाला या दोन शब्दांतला फरक पुसट वाटतो. म्हणजे लिहिणाऱ्याने ऐकले तसेच लिहिले जाणार, एवढी मर्यादा धरून चालायची.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याला वाटते की मूळ शब्द 'ए' आणि स्वरापुढे त्याला 'न' जोडतात. घडले ते उलटे. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा 'आन' असा शब्द होता. त्याचे झिजून 'ॲन' झाले आणि पुढे व्यंजनांच्या आधीचा 'न' गळून 'ए' उरले. हे एका दिवसात झालेले नाही. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये 'ॲन हंड्रेड' आणि 'ॲन हाउस' असे सापडते. हा 'न' कुणाचा, याबद्दल बोलणाऱ्यांचाही गोंधळ होत असे. स्वयंपाकघरातला एप्रन पूर्वी 'नॅप्रन' होता. 'ए नॅप्रन' भरभर बोलता बोलता 'ॲन एप्रन' झाले आणि 'न' शब्दातून निघून आर्टिकलला चिकटला. पाण्यात राहणाऱ्या न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे उलटे झाले. त्याच्या नावाची सुरुवात स्वराने होत असे, आर्टिकलमधला 'न' त्याला येऊन मिळाला. सांगायचे ते एवढेच की हा निर्णय पहिल्यापासून तोंडाने आणि कानाने होत आला आहे. डोळ्यांनी तो करायला लागलो, तेव्हा अडचण सुरू झाली.

आता पुन्हा प्रोग्रॅमकडे येऊ. पहिला नियम फसला की माणूस अपवादांची यादी करायला घेतो. ही वाट चुकीची नाही, पण तिच्यावर खड्डे आहेत. समजा आपण ठरवले, शब्द 'युनि' या स्पेलिंगने सुरू झाला तर 'ए'. युनिफॉर्म, युनिट, युनियन बरोबर आले. पण त्याच तीन अक्षरांनी 'अनइम्पॉर्टंट' आणि 'अनइंटरेस्टिंग' हेही सुरू होतात, आणि त्यांना 'ॲन' हवे. 'ऑनेस्ट'च्या पहिल्या तीन अक्षरांवरून नियम केला तर 'हनी' आणि 'होंडा' त्यात सापडतात. 'वन'च्या तीन अक्षरांवर केला तर कांदा, म्हणजे 'अनियन', सुटतो, कारण त्याची तिसरी अक्षरे वेगळी आहेत. पण 'ओनरस', म्हणजे जिकिरीचे, हा शब्द फसतो. आणि एक उदाहरण आपल्या जवळचे. 'युरेनियम'साठी 'ए' हवे म्हणून कुणी त्याच्या पहिल्या चार अक्षरांची नोंद केली, तर रायगड जिल्ह्यातले उरण त्याच चार अक्षरांत पूर्ण लिहिले जाते. 'उरण'ला 'ॲन' पाहिजे. उरणचा रहिवासी असे छापताना प्रोग्रॅम त्याला युरेनियमचे आर्टिकल लावणार.

मग यादी करावी की नाही? याचे उत्तर, तुमचे जग केवढे आहे यावर अवलंबून आहे. 'नेटहॅक' नावाचा एक जुना संगणकीय खेळ आहे. तो पहिल्यांदा १९८७ साली आला आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. त्यात पडद्यावर सारखी वाक्ये येतात, तुम्हाला अमुक दिसते, तमुक सापडले. त्यामुळे आर्टिकल सतत लागते. त्याच्या ३.४.३ या आवृत्तीत या कामासाठी एक छोटे फंक्शन आहे, त्याचे नावच 'ॲन'. त्याची रीत अशी की पहिले अक्षर स्वराचे असेल तर 'ॲन', पण पुढील पाच सुरुवाती सोडून: 'वन' आणि त्यापुढची जोडरेघ, 'युजफुल', 'युनिकॉर्न', 'युरेनियम' आणि 'युकॅलिप्टस'. बस, पाच. शिवाय बर्फ, लोखंडी गज आणि तापून वितळलेला लाव्हा यांना आर्टिकलच लावायचे नाही, अशीही सोय आहे. जगातल्या इंग्रजीसाठी ही यादी हास्यास्पद आहे. पण त्या खेळात शिंगवाला युनिकॉर्न आहे, युकॅलिप्टसचे पान आहे, युरेनियमची कांडी आहे. युनिव्हर्सिटी नाही. जेवढे जग, तेवढी यादी.

आपल्या नेमणूकपत्रांनाही हेच लागू आहे. कार्यालयात पदनामे असून असून किती असतील? चाळीस, साठ. मग प्रोग्रॅमने डोके चालवायचे कशाला? पदनामांच्या टेबलमध्ये एक रकाना वाढवा आणि प्रत्येक पदनामापुढे 'ए' की 'ॲन' ते माणसाने एकदा बसून लिहावे. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि अंदाजाला जागाच राहत नाही. नवीन पदनाम भरताना तो रकाना रिकामा सोडता येणार नाही, एवढी अट मात्र घाला.

शब्द आधी माहीत नसतील, लोक काहीही टाइप करणार असतील, तेव्हा मात्र ध्वनीची माहिती बाहेरून आणावी लागते. दोन मार्ग आहेत. पहिला, उच्चारकोश. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश मोफत मिळतो, त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचे ध्वनी दिलेले आहेत. 'अवर'च्या नोंदीत 'ह' नाही, 'युजर'ची नोंद 'य'ने सुरू होते, 'वन'ची 'व'ने. प्रोग्रॅमने पहिला ध्वनी स्वर आहे का ते बघायचे, संपले. पण हा कोश उत्तर अमेरिकेच्या उच्चारांचा आहे. औषधी वनस्पती या अर्थाचा 'हर्ब' अमेरिकेत 'अर्ब' होतो आणि 'ॲन' घेतो, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'हर्ब'च राहतो आणि 'ए' घेतो. तुमचा वाचक कुठला, ते आधी ठरवा.

दुसरा मार्ग, लोकांनी काय लिहिले ते मोजणे. भरपूर इंग्रजी मजकूर घ्यायचा, विकिपीडियासारखा. त्यात 'ए' आणि 'ॲन' यांच्यानंतर आलेले शब्द गोळा करायचे. कुठल्या सुरुवातीच्या अक्षरांना कोणते आर्टिकल किती वेळा आले, याचा तक्ता करायचा. मग नवीन शब्द आला की तक्त्यातली त्याच्याशी सर्वांत लांबपर्यंत जुळणारी सुरुवात शोधायची आणि बहुमत घ्यायचे. उच्चार एकदाही न ऐकता प्रोग्रॅम उच्चार शिकतो, कारण लिहिणाऱ्यांनी तो मनात ऐकलेला असतो. मात्र उरणबद्दल या मजकुरात फारसे कुणी लिहिले नसेल, तर इथेही युरेनियमचेच बहुमत होणार.

तयार साधनेही आहेत. पर्ल भाषेसाठी डेमियन कॉनवे यांचे 'लिंग्वा इएन इन्फ्लेक्ट' आणि पायथनसाठी 'इन्फ्लेक्ट'. दोन्हींत हे काम करणारे फंक्शन आहे. वापरा, पण आपल्या शब्दांवर तपासून वापरा.

आता संक्षेप. इथे आपल्याकडचीच उदाहरणे सर्वांत सोपी. 'मेंबर ऑफ पार्लमेंट'ला 'ए', पण एमपीला 'ॲन'. पद तेच, पहिले अक्षर तेच, आर्टिकल बदलले, कारण एम या अक्षराचे नाव 'ए'च्या स्वराने सुरू होते. 'अप्पर डिव्हिजन क्लार्क'ला 'ॲन', पण यूडीसीला 'ए'. इथे उलटे झाले. एनआरआय, एलआयसी एजंट, आरटीओ, एसटी बस, एमपीएससीची परीक्षा, या सगळ्यांना 'ॲन'. यूपीएससीच्या परीक्षेला 'ए'. इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी १२ अक्षरांची नावे स्वराने सुरू होतात: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. देवनागरीत लिहिली की पुन्हा दिसतेच. 'यू' त्यात नाही, तो 'य'ने सुरू होतो.

म्हणजे संक्षेपांसाठी १२ अक्षरांची वेगळी यादी ठेवली की झाले? तेवढ्याने होत नाही. एसएमएस आपण एकेक अक्षर सुटे म्हणतो, म्हणून 'ॲन एसएमएस'. सिम मात्र शब्दासारखे म्हणतो, म्हणून 'ए सिम'. दोन्ही कॅपिटल अक्षरांत लिहितात, दोन्हींची सुरुवात एसने. डेटाबेसच्या त्या प्रसिद्ध भाषेला काही जण 'एसक्यूएल' म्हणतात, काही 'सीक्वेल'. पहिले लोक 'ॲन' लिहितात, दुसरे 'ए', आणि दोघेही बरोबर आहेत. अशा ठिकाणी प्रोग्रॅमला सत्य शोधायला सांगू नका. आपल्या संस्थेत काय म्हणायचे ते ठरवा आणि तसे लिहून ठेवा.

आकडे राहिले. आकड्यात स्पेलिंगच नसते, पण वाचताना ध्वनी असतोच. ८ म्हणजे 'एट', ११ म्हणजे 'इलेव्हन', १८ म्हणजे 'एटीन', यांना 'ॲन'. ८ने सुरू होणारी कुठलीही संख्या 'ॲन' घेते, मग ती ८० असो वा ८,०००. ११ आणि १८ मात्र संख्येच्या अगदी सुरुवातीला सुटे वाचले जातात तेव्हाच. ११,००० हे 'इलेव्हन थाउजंड', म्हणून 'ॲन'. ११० हे 'वन हंड्रेड टेन', म्हणून 'ए'. इथे एक अडचण खास आपली आहे. अकरा लाख ही संख्या आपण ११,००,००० लिहितो आणि इंग्रजीत बोलताना 'इलेव्हन लॅख' म्हणतो, म्हणून 'ॲन'. परदेशातला माणूस तीच संख्या 'वन मिलियन वन हंड्रेड थाउजंड' वाचतो, म्हणून 'ए'. एक कोटी दहा लाखांना नेमके उलटे. आपण 'वन क्रोअर'ने सुरुवात करतो, तो 'इलेव्हन मिलियन'ने. परदेशातून आणलेले तयार साधन तिथल्या वाचनाप्रमाणे उत्तर देणार, आणि कर्जाच्या पत्रात ते आपल्या कानाला खटकणार. सालांचेही तसेच. १८५७ हे साल 'एटीन फिफ्टी-सेव्हन', म्हणून त्या वर्षीच्या घटनेला 'ॲन'. पण १,८५७ रुपये 'वन थाउजंड'ने सुरू झाले तर 'ए'. आकडे तेच, साल आहे की रक्कम हे प्रोग्रॅमला सांगावे लागते.

एक छोटी पण हमखास नडणारी गोष्ट. आर्टिकल नामाशी जुळत नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाशी जुळते. 'ॲन अकाउंटंट', पण 'ए सीनियर अकाउंटंट'. 'ए क्लार्क', पण 'ॲन असिस्टंट क्लार्क'. म्हणून आधी पूर्ण पदनाम तयार करा आणि आर्टिकल सगळ्यात शेवटी ठरवा. मध्ये अवतरणचिन्ह किंवा कंस आला तर तो ओलांडून पहिला खरा ध्वनी बघा.

आणि कधी कधी सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रश्न टाळणे. वाक्याऐवजी 'पोस्ट', पुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि मग पदनाम असे छापले, की आर्टिकल लागतच नाही. मराठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असेल. 'फाइल तयार झाली' आणि 'फोल्डर तयार झाला' यातले 'झाली-झाला' नामाच्या लिंगावर ठरते, आणि फाइल या शब्दाकडे नुसते बघून लिंग कळत नाही. 'मेल आला' की 'मेल आली', यावर तर दोन घरांत दोन मते सापडतील. आपल्याकडे आर्टिकल नाही म्हणून आपण सुटलो असे नाही. स्पेलिंगमध्ये नसलेली आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात असलेली माहिती आपल्याही भाषेत आहे, फक्त जागा वेगळी.

तेव्हा प्रोग्रॅम लिहून झाला की पत्रे छापण्याआधी त्याला हे बारा प्रश्न घाला: अवर, हनी, युजर, अशर, वन-वे, अनियन, एमपी, यूपीएससी, सिम, एसएमएस, ११,००,००० आणि उरण. उत्तरे क्रमाने अशी यायला हवीत: ॲन, ए, ए, ॲन, ए, ॲन, ॲन, ए, ए, ॲन, ॲन, ॲन. जिथे चुकेल तिथे नियम बदलायच्या आधी तो शब्द एकदा मोठ्याने म्हणा, कारण उत्तर तिथेच आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.